काम काय नाय, सहज केला

काथोडशेठ गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी मुरबाडच्या ऑफिसात बिलांच्या नोंदी करत होते. त्यांच्या मुलाने, नीलेशने, तो बऱ्याच जणांना एकदम पाठवलेला दिसत होता. मी वाचला, फोन उलटा ठेवला आणि पुढचं बिल घेतलं. समोरच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही." संध्याकाळपर्यंत सगळी बिलं झाली. त्यात चूक निघाली नाही. घरी जाताना रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. अजून आलेलं नाही.

शहापूरहून किन्हवलीकडे निघालं की उजव्या हाताला त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे लाकडी पॅलेट बनायची. पॅलेट म्हणजे फळ्या ठोकून केलेली चौकट. कारखान्यात तिच्यावर माल रचतात आणि फोर्कलिफ्टने उचलतात. वाशिंद, आसनगाव, मुरबाड, जिथे कारखाना तिथे पॅलेट लागते. धंदा साधा होता. लाकूड आणायचं, कापायचं, ठोकायचं, पोचवायचं. असं करणारे आजूबाजूला बरेच होते. काथोडशेठांची पॅलेट इतरांपेक्षा चांगली होती असंही मी म्हणणार नाही. तरी त्यांच्या शेडमधला करवतीचा आवाज कधी फारसा थांबला नाही. तो का थांबला नाही ते मला तिथे नोकरीला लागल्यावर हळूहळू कळलं.

मी किन्हवलीजवळच्या गावची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.कॉम. झाल्यावर प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये मार्कशीट घालून मी त्यांच्याकडे गेले. ते बाकावर बसले होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि कानावर सुताराची चपटी पेन्सिल. स्वतः लाकडावर खूण करणं त्यांनी कधीच सोडलं होतं, पण पेन्सिल उतरली नव्हती.

"ती फाइल ऱ्हाऊ दे पिशवीत," ते म्हणाले. "तू रोज एसटीनं शहापूरला यायचीस ना? मंग वाटेत तुला कोण कोण वळखतं?"

मी आठवून सांगितलं. कंडक्टर, स्टँडवरच्या कँटीनवाल्या मावशी, कॉलेजचे शिपाई शंकरमामा.

"शंकरमामाची पोरं काय करतात?"

ते मला माहीत नव्हतं.

"इतकी वरसं त्याच्या हातनं पाणी प्यालीस आन म्हाईत नाय?" ते हसले. "उद्यापासनं ये कामाला. येताना तेवढं इचारून ये."

मी खरंच विचारायला गेले. शंकरमामा आधी दचकले. त्यांना वाटलं माझं कॉलेजात काही काम अडलंय. मग मुलीचं नर्सिंगचं सांगत राहिले, आणि माझी एक बस गेली. दुसऱ्या दिवशी मी शेठना ते सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला चहा मागवला.

सकाळी शेडमध्ये आल्यावर अगरबत्ती लावायची, चहा घ्यायचा आणि फोन हातात घ्यायचा हा त्यांचा नेम होता. रोज दोघा-तिघांना फोन. अट एकच, त्या माणसाकडे त्या दिवशी आपलं काहीही काम नसलं पाहिजे. ज्याच्याकडून ऑर्डर यायची आहे, ज्याच्याकडे बिल अडकलंय, त्याचा नंबर त्या दिवशी लावायचा नाही. पलीकडून "बोला शेठ" आलं की यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "काम काय नाय, सहज केला." मग गुडघा कसा आहे, बोअरला पाणी लागलं का, धाकट्याची बारावी कशी गेली. आवाज मोठा, करवत चालू असतानाही पलीकडे ऐकू जाईल असा. सुतार हसायचे. मी खाली मान घालून मालाचं चलन लिहायची.

पुढे त्यांनी मलाही तसे फोन करायला लावले. पहिला फोन आसनगावच्या एका कारखान्यातल्या स्टोअरकीपरांना होता. मी पाठ केल्यासारखं तब्येतीचं विचारलं, पावसाचं विचारलं. मग काही सुचेना. गप्प राहणं बरं दिसेना, म्हणून म्हटलं, "साहेब, पुढच्या महिन्यात काही ऑर्डर असेल का?"

ते म्हणाले, "बघू, कळवतो."

फोन ठेवला. शेठ माझ्याकडेच बघत होते.

"मागितलंस ना?"

"सहज विचारलं."

"सहज नाय गो. आता तुझं नाव दिसलं का तो आधी इचार करील, हिला काय पायजेल. मंग उचलील. नाय तर नाय उचलणार." ते रागावले नव्हते, पण त्या दिवसभरात त्यांनी मला दुसरा फोन करायला दिला नाही. संध्याकाळी निघताना म्हणाले, "सुचलं नाय तर गप ऱ्हायाचं. समोरचा बोलतो. ज्याला त्याला बोलायचं असतंय."

व्हिजिटिंग कार्डांवर त्यांचा राग होता. कारखान्यांचे लोक, मशिनवाले, विमावाले कार्डं देऊन जात. शेठ ती दोन्ही हातांनी घेत, वाचत, आणि माणूस गेला की घडी घालून टेबलाच्या लुळ्या पायाखाली सारत. टेबल हलायचं थांबलं होतं ते त्या कार्डांमुळे. नीलेश तेव्हा कल्याणला डिप्लोमा करत होता. त्याने एकदा वडिलांसाठी झकास चकचकीत कार्डं छापून आणली. शेठनी त्यातलं एक मनापासून न्याहाळलं. "मस्त हाय रे. पन देऊ कुनाला? जे वळखतात त्यांना कशाला, आन जे वळखत नाय ते यावरनं काय वळखनार?" तो खोका वर्षभर तसाच राहिला. मग पायाखालची जुनी कार्डं दबली, तेव्हा तो उघडला गेला.

घरात मात्र याच गोष्टीवरून त्यांची टिंगल व्हायची. शेठच्या बायकोला मी काकी म्हणायची. त्या डबा घेऊन शेडवर यायच्या तेव्हा मला म्हणायच्या, "याला मुरबाडच्या साहेबाच्या सुनंला कितवा महिना हाय ते म्हाईत. घरातला गॅस परवा संपलाय, ते नाय म्हाईत." शेठ डब्याचं झाकण उघडत, "तुला फोन केला असता तर सांगितलं असतंस ना," म्हणायचे. काकी झाकण हिसकावून घ्यायच्या.

त्यांच्या मुलीच्या हळदीला मी त्यांची खरी कामाची रीत बघितली. आमच्याकडे लग्नाला एखादा आला नाही तर चालतं, हळदीला यावंच लागतं. मांडवात पंगती उठत होत्या, बसत होत्या. मुलीचा बाप म्हणून शेठनी खुर्चीवर बसून नमस्कार घ्यायचे. पण ते पंगतीच्या तोंडाशी उभे होते आणि येणाऱ्याला दंडाला धरून जागेवर बसवत होते. मला आधी वाटलं मानपानाप्रमाणे बसवतायत. तसं नव्हतं. वाशिंदच्या कारखान्याचे मोठे साहेब आले, त्यांच्याशेजारी त्याच कारखान्याच्या गेटवरचे जाधव वॉचमन. शेठ साहेबांना म्हणाले, "रोज सलाम करतात, आज हातानं वाढून घ्या एकमेकांना." खिळेवाल्याशेजारी नव्याने खुर्च्यांचा कारखाना काढलेला एक तरुण. टेंपोवाल्याशेजारी भेंडी एक्स्पोर्टला पाठवणारा सरळगावकडचा शेतकरी. ओळख करून देताना धंदा सांगत नव्हते. "हे आपले," एवढंच, आणि पुढच्या माणसाकडे वळत होते. जेवण संपेपर्यंत ज्याचं त्याला कळत होतं.

मला त्यांनी मुरबाडच्या एका मॅडमशेजारी बसवलं. त्या कर सल्लागार होत्या. मी घाबरून वरणभात कालवत राहिले. मॅडमनीच विचारलं, "तुम्ही काय करता?" आज मी त्यांच्याच ऑफिसात आहे.

मुरबाडला बबनशेठ म्हणून त्यांचे स्पर्धक होते. तेच काम, तशीच शेड. एकदा बबनशेठचे सगळे सुतार एकदम गावी गेले, कुणाचं तरी लग्न होतं, आणि नेमका त्यांचा मोठा माल जायचा होता. बबनशेठचा फोन आला. काथोडशेठनी आपलं काम अर्धवट ठेवून सुतार आणि ठोकायची मशिनं टेंपोत घालून मुरबाडला पाठवली. पॅलेटवर शिक्का बबनशेठचाच पडला. माल घ्यायला आलेल्या कारखान्याच्या माणसाने हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी थेट आमच्या शेडवर आला. म्हणाला, "माणसं तुमचीच आहेत, तर मधे त्यांना कशाला ठेवायचं? पुढचं काम तुम्हीच करा."

मला ती संधी वाटली. मी कोटेशनचा कागद काढलाही.

शेठनी त्याला उसाचा रस पाजला, गावाकडे भाताचं पीक कसं आहे विचारलं, आणि म्हणाले, "साहेब, तुमची वळख मला बबनच्या घरात झाली. त्याच्या घरातनं उचलून कसं आणू?"

तो माणूस गेल्यावर मी म्हटलं, "शेठ, त्याने स्वतःहून विचारलं होतं."

"व्हय. उद्या दुसऱ्याला बी सोताहून इचारील," ते म्हणाले आणि पेन्सिलीने कान खाजवला.

हे सगळं शेवटी फळतं, असं लिहिण्याचा मला मोह होतो. पण ते खरं नाही. वाशिंदच्या कारखान्यातले खरेदीचे साळवीसाहेब एका भानगडीत नोकरीवरून गेले. चूक त्यांची होती की नव्हती, मला माहीत नाही. दिवाळीला सगळ्या सप्लायरांच्या भेटीच्या पिशव्या नव्या साहेबांकडे वळल्या. काथोडशेठ नव्या तांदळाचं पोतं घेऊन आधी साळवींच्या घरी बदलापूरला गेले, मग नव्या साहेबांकडे. दर वर्षी गेले. साळवीसाहेबांना पुन्हा तशी नोकरी मिळाली नाही. एका सोसायटीचं ऑफिस सांभाळू लागले. एका पॅलेटची ऑर्डर त्यानंतर त्यांच्याकडून आमच्याकडे आली नाही, येणारही नव्हती. मी एकदा विचारलं, "आता त्यांच्याकडे कशाला जाता?" शेठना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. म्हणाले, "मानूस खुर्चीवरनं उठला म्हनजे नंबर बदलला काय त्याचा?"

मग एका सकाळी त्यांना लकवा मारला. अगरबत्ती लावताना उजवा हात खाली पडला, आणि तोंडातून शब्द आला नाही. कल्याणच्या दवाखान्यात महिनाभर होते. भेटायला इतकी माणसं आली की वॉर्डाबाहेरच्या नर्सने नीलेशला विचारलं, "पेशंट राजकारणात आहेत का?" उजवी बाजू थोडी सुधारली. वाचा परत आली नाही. समजत सगळं होतं. फक्त आवाज यायचा नाही. फार तर घशातून हं असं काही यायचं.

शेड नीलेशने हातात घेतली. तो वाईट मुलगा नाही. पहाटे येई, सुतारांबरोबर उभा राही. फोन मात्र काम असेल तेव्हाच करी. कुणीही तसंच करतं. वाशिंदच्या कारखान्याने तोवर सगळी खरेदी कॉम्प्युटरवर नेली होती. तिथे दर भरायचा, नाव दिसायचं नाही. आणि पुढच्या वर्षी त्यांनी लाकूडच बंद केलं. प्लॅस्टिकच्या पॅलेट आणल्या. त्या मोडत नाहीत, किडत नाहीत. आसनगावनेही तेच केलं. काथोडशेठ बोलते असते तरी हे थांबलं नसतं. मी पुष्कळदा तसं नाही असं ठरवून पाहिलं आहे, पण थांबलं नसतं.

करवत थांबली. सुतार एकेक करून गेले. शेवटचा मिस्त्री जाताना शेठच्या पाया पडला, तेव्हा शेठनी डाव्या हाताने बोट दाखवलं, थांब. मग फोन लावून मिस्त्रीच्या हातात दिला. पलीकडे बबनशेठ होते. मिस्त्री दुसऱ्या दिवसापासून मुरबाडला कामाला गेला. मला कर सल्लागार मॅडमचा फोन आला, तो असाच कुणीतरी लावून दिलेला असणार.

त्यानंतर ते दिवसभर शेडच्या ओट्यावर खुर्चीत बसू लागले. मागची जागा नीलेशने गोदामाला भाड्याने दिली होती. सकाळी अगरबत्ती काकी लावायच्या. मग शेठ डाव्या हाताने फोन घ्यायचे आणि लावायचे. दोघा-तिघांना, पूर्वीसारखेच. पलीकडून "हॅलो शेठ" यायचं, आणि इकडून काहीच नाही. नुसता श्वास.

आता त्यांच्याकडे ना माल होता ना आवाज. काम नसताना माणूस फोन उचलतो, यावर त्यांनी सगळा जन्म काढला होता. तो उचलतो की नाही हे आता त्यांना रोज सकाळी ऐकू येणार होतं.

काहींनी उचलला. जाधव वॉचमन आता निवृत्त होऊन गावी शेळ्या पाळत होते. ते म्हणायचे, "शेठ हाय ना? बरं ऐका आता," आणि कुठली शेळी व्याली, कुठली नाही, सगळं सांगायचे. साळवीसाहेब सोसायटीतली भांडणं सांगायचे. बबनशेठ शिव्या देऊन बोलायचे, "अरे काथोड्या, काय तरी बोल की, मी एकटाच किती बडबडू." शेठच्या खांद्यावरून कळायचं की हसतायत.

पुष्कळांनी दोनदा हॅलो म्हणून ठेवला. काहींनी उचलणं सोडलं. एका साहेबांनी नीलेशला कळवलं, "वडिलांकडे फोन देऊ नका. मीटिंगमध्ये त्रास होतो." नीलेशला ते लागलं. मी एका रविवारी भेटायला गेले होते, तेव्हा घरात तोच विषय चालू होता.

"लोक हसतात आई. चुकून लागला असं वाटतं त्यांना."

काकी तांदूळ निवडत होत्या. "हसू देत. त्याच्या हातनं ते नको काढू."

"मी काढत नाय," नीलेश म्हणाला.

त्याने काढला नाही. पण पुढच्या वेळी, भात झोडून झाल्याच्या दिवसांत, मी गेले तेव्हा शेठ ओट्यावर फोन कानाला लावून बसले होते. मी शेजारी बाकावर बसले. पलीकडून बाईचा आवाज येत होता, आपल्या योजनेची मुदत संपली आहे, सेवा चालू ठेवण्यासाठी रिचार्ज करा. शेठ ते शेवटपर्यंत ऐकत होते. मान थोडी कलती, डोळे समोरच्या रस्त्यावर, पूर्वी कुणी तब्येतीचं सांगू लागलं की ऐकायचे तसे. वाक्य संपून फोन कटला. त्यांनी अंगठ्याने पुढचा नंबर काढला, लावला. तीच बाई. तेही ऐकलं.

रिचार्ज नीलेश विसरला की त्याने मुद्दाम केलं नाही, मी विचारलं नाही. काकींनी चहा दिला. मी माझ्या ऑफिसचं काही सांगितलं, शेठ हं करत राहिले. कानावर पेन्सिल होती. काकी रोज ती तिथे ठेवत असाव्यात. निघताना मी पाया पडले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि लगेच पुन्हा फोनकडे नेला.

रस्ता ओलांडला की समोरच एसटीचा थांबा आहे. तिथे उभं राहून मी माझ्या फोनवरून त्यांच्या नंबराचा रिचार्ज मारला. मला काही वाटत नव्हतं. मेसेज आला, रिचार्ज झाला. चालू झाला का ते बघावं म्हणून मी त्यांना फोन लावला.

समोर ओट्यावर घंटी वाजली. मला ती दोनदा ऐकू आली, रस्त्यापलीकडून आणि फोनमधून. त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरून नाव बघितलं. मी समोर उभी आहे हे त्यांना दिसलं नाही, किंवा त्यांनी तिकडे पाहिलं नाही. फोन कानाला लावला. श्वास ऐकू आला.

"शेठ, मनीषा बोलतेय," मी म्हटलं. आता पुढे रिचार्जचं सांगायचं होतं. ते काम होतं. मी म्हटलं, "काम काय नाय, सहज केला."

ते खुर्चीत जरा मागे टेकले.

पुढे मला काही सुचेना. मग मी गप्प राहिले. तेही गप्प होते. मागच्या गोदामात कुणीतरी प्लॅस्टिकचे क्रेट आपटत होतं, ते मला दोन्हीकडून ऐकू येत होतं. थोड्या वेळाने मी बोलू लागले. शंकरमामांची मुलगी आता शहापूरच्याच दवाखान्यात नर्स आहे, परवा एसटीत भेटली, तुमची चौकशी करत होती. हे खरंच घडलं होतं. मगाशी बाकावर बसले असताना मी ते सांगायचं विसरले होते. शेठ ऐकत होते, मान कलती करून.

किन्हवलीची एसटी आली आणि आमच्या मधे उभी राहिली. मी चढले, पलीकडच्या बाजूची खिडकी धरली. काथोडशेठ अजून फोन कानाला लावून बसले होते. मी बोलणं थांबवलं नव्हतं. गाडी वळेपर्यंत ते दिसत होते. वळणानंतर नुसता श्वास येत राहिला, आणि पुढच्या चढाला रेंज गेली.